भाजणी

परवा रात्री उशिरा भाचीचा फोन आला. ती तिकडे परदेशात पीएच.डी. करते आहे. विषय सिरॅमिक पदार्थांचा, म्हणजे एकेकाळच्या माझ्याच गल्लीतला. (ताई, तू हे वाचणार आहेसच, तेव्हा आधीच सांगून ठेवतो, मी तिला भरीस घातलेलं नाही. ती आपल्या पायांनी या गल्लीत शिरली.) एरवी अखंड बडबडणारी पोरगी, पण त्या दिवशी आवाज पडलेला.

"मामा, आठ महिने झाले. मी नुसती पावडर भाजतेय. भाजायची, कुटायची, परत भाजायची. माझ्याबरोबर लागलेल्या मुलाचा पेपरसुद्धा निघाला. मी घरी काय सांगू, पीठ दळते म्हणून?"

विषय बदलावा का, एवढंच तिला विचारायचं होतं. मी म्हटलं, "नको बदलूस." का, ते मात्र फोनवर धड सांगता आलं नाही. तेव्हापासून डोक्यात घोळतंय, म्हणून आज हे लिहायला बसलोय. थोडं तांत्रिक होणार आहे, पण आत्या-काकूंनी घाबरून पळून जाऊ नये. ज्यांनी आयुष्यात एकदा तरी चकलीची भाजणी केली आहे त्यांना हा विषय माझ्यापेक्षा जास्त कळतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. काही पदार्थ खूप थंड केले की त्यांच्यातून वीज वाहताना अडथळाच उरत नाही. त्यांना अतिवाहक म्हणतात. १९११ साली हॉलंडमधल्या लायडनला कामरलिंग ओनेस यांना हे पाऱ्यात दिसलं. पण त्यासाठी पारा उणे २६९ अंशांपर्यंत थंड करावा लागला, आणि त्याला द्रवरूप हेलियम लागतो, जो महाग. पुढची पंचाहत्तर वर्षं तापमानाची गाडी अगदी हळूहळू वर सरकत राहिली. मग १९८६ मध्ये झुरिकजवळ बेडनोर्ट्झ आणि म्युलर या दोघांना तांब्याच्या एका ऑक्साइडमध्ये, म्हणजे चक्क सिरॅमिकमध्ये, अतिवाहकता सापडली आणि पुढच्याच वर्षी त्यांना नोबेल मिळालं. १९८७ मध्ये अमेरिकेत पॉल चू आणि माव-कुएन वू यांच्या गटांनी इट्रियमचा पदार्थ काढला, तो उणे १८० अंशांच्या आसपासच अतिवाहक होऊ लागला. जानेवारी १९८८ मध्ये जपानच्या हिरोशी माएदांनी बिस्मथचा पदार्थ जाहीर केला. त्याच्या एका रूपाची मर्यादा ११० केल्विन, म्हणजे उणे १६३ अंश. द्रवरूप नायट्रोजन उणे १९६ अंशांचा असतो, तो हवेतूनच काढतात आणि हेलियमच्या मानाने फुकट पडतो. म्हणजे नायट्रोजनमध्ये बुडवलं की काम झालं!

झालं कुठलं? सिरॅमिक म्हणजे आपल्या कपबशीचा भाऊबंद. कपबशीची तार कशी ओढणार?

त्यावर निघालेला तोडगा मला अजूनही आवडतो. चांदीची नळी घ्यायची, तिच्यात सिरॅमिकची पावडर ठासून भरायची, तोंड बंद करायचं, आणि सोनार तार ओढतो तशी ती नळी बारीक बारीक होत जाणाऱ्या भोकांतून ओढायची. मग तिचे तुकडे करून पन्नास-साठ तुकडे पुन्हा एका चांदीच्या नळीत भरायचे, परत ओढायचं, आणि शेवटी रुळांखालून दाबून चपटी टेप करायची. चार मिलिमीटर रुंद आणि एक पंचमांश मिलिमीटर जाड. आत पावडरीचे पन्नास-साठ धागे, एकेक धागा दहा-वीस मायक्रॉन जाडीचा. आपला केस याच्या चौपट जाड असतो. मग ही टेप कित्येक तास भट्टीत, पुन्हा रुळाखाली, पुन्हा भट्टीत. बिस्मथच्या पदार्थाच्या चांदीतल्या अशा तारा १९८९ मध्ये जर्मनीतल्या हानाऊच्या मंडळींनी करून दाखवल्या होत्या.

चांदीच का? एक तर ती या पदार्थाला बाधत नाही. दुसरं म्हणजे तापलेली चांदी प्राणवायूला आरपार जाऊ देते, त्यामुळे आतल्या सिरॅमिकला श्वास घेता येतो. कार्बन डायऑक्साइडला मात्र ती जाऊ देत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता पावडरीकडे येऊ. ११० केल्विनच्या त्या रूपाला आम्ही '२२२३' म्हणतो. कृती साधारण अशी: बिस्मथ १.८, शिसं ०.४, स्ट्रॉन्शियम २, कॅल्शियम २.२, तांबं ३. आकडे अणूंच्या प्रमाणाचे. कोणालाही वाटेल की आधी २२२३ पूर्ण तयार करावं आणि नळीत भरून टाकावं. तसं केलं तर टेप वाया. २२२३ चे कण अभ्रकाच्या पापुद्र्यांसारखे चपटे असतात. सगळे पापुद्रे टेपला समांतर झोपले आणि एकमेकांना स्वच्छ चिकटले तरच वीज भरपूर वाहते. आधीच तयार झालेले पापुद्रे ओढण्या-दाबण्यात मोडतात, आणि मोडलेले पुन्हा सांधायला सोपी वाट नसते. म्हणून नळीत जाते ती मुद्दाम अर्धवट ठेवलेली पावडर. तिच्यात बराचसा २२१२ नावाचा धाकटा भाऊ असतो, बाकी कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम आणि तांब्याची ऑक्साइडं. २२२३ जन्माला यायचं ते चांदीच्या आत, शेवटच्या भट्टीत.

हीच भाजणी. आई दिवाळीआधी तांदूळ, हरभराडाळ, उडीदडाळ, मूगडाळ, धने, जिरं, सगळं वेगवेगळं भाजायची. प्रत्येकाचा वेळ निराळा. पूर्ण शिजवायचं नसतं, कारण शिजायचं ते पुढे तेलात. पण कच्चं ठेवूनही चालत नाही. चकली बिघडली की घरातली नवशिकी बाई सोऱ्याला नाही तर तेलाला दोष देते. आई मात्र पिठाच्या डब्यात बोटं घालायची.

पावडर कमी भाजली तर काय होतं? सुरुवात बहुधा कार्बोनेटांपासून होते, आणि स्ट्रॉन्शियमचं कार्बोनेट भारी चिवट. पूर्ण फुटत नाही. उरलेला कार्बन पुढे भट्टीत कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडू बघतो आणि चांदी त्याला सोडत नाही. दहा लाख भागांत काही शेकडा भाग कार्बन उरला तरी खूप झाला. जास्त भाजली तर? २२२३ अवेळी तयार होतं, किंवा स्ट्रॉन्शियम-कॅल्शियम-तांब्याच्या ऑक्साइडचे टणक खडे वाढतात. दहा मायक्रॉनच्या धाग्यात आठ मायक्रॉनचा खडा म्हणजे बोळात उभा केलेला ट्रक. मग खडे बारीक कुटावेत म्हटलं तर त्यालाही मर्यादा आहे. फार कुटलं की स्फटिकांचा भुगा होतो, आणि जितकी पावडर बारीक तितकी ती हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड जास्त पिते. शिवाय शिशाची तऱ्हा आहेच. भाजताना तापमान किती होतं आणि हवेत प्राणवायू किती होता, त्यावर ठरतं की शिसं २२१२ च्या आत जाऊन बसणार की कॅल्शियमशी घरोबा करून वेगळं राहणार. आणि त्यावर ठरतं की शेवटच्या भट्टीत पहिला द्रव कधी सुटणार. तो थोडासा द्रव सुटला तरच २२२३ वाढतं. त्या शेवटच्या भट्टीचा पट्टाही अगदी अरुंद. साध्या हवेत ८४० अंशांच्या आसपास, प्राणवायू सात-आठ टक्क्यांवर आणला तर ८२० ते ८२५. चार-पाच अंश इकडेतिकडे झाले की गडबड.

सगळे लोक त्या शेवटच्या भट्टीकडे टक लावून बसतात. मीही बसायचो. आणि इथेच मला एक जुनी गोष्ट सांगायची आहे, जी मी आजवर कोणाला सांगितलेली नाही.

१९९६ चा पावसाळा. आमची प्रयोगशाळा समुद्राजवळच्या शहरात. पावडर मी मे महिन्यात केली होती. क्ष-किरणांची चाचणी उत्तम आली होती, आलेख टेबलावर चिकटवून ठेवला होता. जुलैत टेप ओढल्या. ओढायचं आणि दाबायचं काम वर्कशॉपमधल्या अण्णांकडे. सगळी प्रयोगशाळा त्यांना अण्णाच म्हणायची. शिक्षण जुनी अकरावी, पण हाताला असा अंदाज की मोजायचं साधन त्यांच्यामागून धावायचं.

पहिल्या भट्टीतून टेप बाहेर काढल्या आणि पाहतो तो काय, सगळ्या टेपवर पुरीसारखे फुगे. अनारसा तुपात हसतो ना, तशा आमच्या टेप हसल्या होत्या. दुसरी खेप केली. तीही हसली. चांदी महाग, वर्षाची मंजुरी ठरलेली. आठवड्याच्या बैठकीत सरांनी कारण विचारलं. मी सगळ्यांसमोर सांगितलं की दाब एकसारखा पडत नाहीये, नळीत हवा कोंडतेय, वर्कशॉपचं काम जरा ढिलं आहे. अण्णा मागच्या खुर्चीवर बसले होते. काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलापाशी आले. म्हणाले, "साहेब, एक सांगू? तुमचं पीठ बरणीतनं काढलं की आता गोळ्या होतात. मे महिन्यात होत नव्हत्या."

मी त्यांना टेबलावरचा आलेख दाखवला. हो, मे महिन्यातला आलेख, जुलै महिन्यात! अण्णा "बरं" म्हणून गेले.

आणखी दोन महिने मी रुळांच्या मागे लागलो. रूळ उघडायला लावले, घासायला लावले. शेवटी चांदी संपत आली तेव्हा एका रात्री, दुसरं काही सुचेना म्हणून, ती पावडर तोलून पुन्हा तापवली. शंभर ग्रॅममधला जवळजवळ एक ग्रॅम उडून गेला. ती ओल होती आणि पावडरीने पावसाळाभर पिऊन ठेवलेला कार्बन डायऑक्साइड होता. मग अर्धी पावडर ताजी भाजून गरम असतानाच नळीत भरली, अर्धी बरणीतली तशीच भरली, आणि कुठली कुठली ते अण्णांना न सांगता दोन्ही त्यांच्याकडे दिल्या. ताजी सपाट राहिली. बरणीतली हसली.

आता खरी गोष्ट. पुढच्या बैठकीत मी काय सांगितलं असेल? "पावडरीत आर्द्रता असल्याचं आढळून आलं, त्यानुसार सुधारणा करण्यात आली." आढळून आलं! करण्यात आली! आपल्या कर्मणी प्रयोगासारखी सोयीची दुसरी वस्तू नाही. कोणाला आढळलं, कोणी आधी सांगितलं होतं, कोणी ऐकलं नाही, सगळं त्यात विरघळून जातं. पेपरातही तेच वाक्य गेलं. प्रबंधाच्या आभारात सर आले, शिष्यवृत्ती आली, आई-बाबा आले. अण्णा नाहीत. पदवी मिळाल्यावर त्यांना पेढे नेऊन दिले, ते मनापासून खूश झाले, पाठीवर थाप मारली. तेव्हाही माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. २०११ मध्ये ते गेल्याचं कळलं.

हे आज सांगतोय त्याचं कारण केवळ पश्चात्ताप नाही. मला वाटतं ही माझ्या एकट्याची खोड नव्हती. आमच्या क्षेत्रात शोधाला मान आहे, मोजमापाला मान आहे, आणि पावडर म्हणजे खालचं काम, हमाली, असं सगळ्यांच्या मनात बसलेलं आहे. कित्येक पेपरांत पावडरीच्या वाट्याला एक ओळ येते, 'नेहमीच्या पद्धतीने तयार केली'. नेहमीची म्हणजे कुठली? किती तास, कुठल्या हवेत, कुठल्या महिन्यात, बरणीत किती दिवस? ज्या कंपन्यांना हे नेमकं ठाऊक असतं त्या ते गुपित ठेवतात. तो त्यांचा धंदा आहे, त्यांना दोष नाही. पण मोकळेपणाने लिहायला हरकत नसलेल्या प्रयोगशाळाही लिहीत नाहीत, कारण ते लिहिण्यात कमीपणा वाटतो. मग दर पिढीतला नवा विद्यार्थी त्याच खड्ड्यात पडतो आणि आपापल्या अण्णांना दोष देतो.

२०२३ चा जुलै आठवतो? आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच व्हिडिओ पाच जणांनी पाठवला होता. लोहचुंबकावर अर्धवट तरंगणारा काळा खडा. दक्षिण कोरियातल्या काही संशोधकांनी एलके-९९ नावाच्या पदार्थात घरच्या तापमानाला अतिवाहकता सापडल्याचा दावा केला होता. काकांनी विचारलं, "तू यातच होतास ना रे? मग तुला कसं नाही सापडलं?" :-) महिनाभरात उलगडा झाला. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेसह अनेक ठिकाणी पदार्थ करून पाहिला गेला, अतिवाहकता काही दिसली नाही. शंभर अंशांच्या थोडं वर रोध एकदम पडत होता तो तांब्याच्या सल्फाइडमुळे. भाजताना तयार होऊन पावडरीत राहिलेली ती अशुद्धी होती. श्टुटगार्टच्या मॅक्स प्लांक संस्थेत त्याच पदार्थाचे शुद्ध स्फटिक केले गेले तर ते जांभळट, पारदर्शक आणि वीज मुळीच न वाहू देणारे निघाले. सगळं जग आलेखाकडे बघत होतं आणि उत्तर मुशीच्या तळाशी होतं.

आमचे एक ब्लॉगर मित्र आता लगेच लिहितील, "पण शेवटी तुमची टेप हरलीच ना?" बरोबर आहे, बरीचशी हरली. चांदी फार लागते. नायट्रोजनच्या तापमानाला चुंबकीय क्षेत्र वाढलं की तिचा प्रवाह ढेपाळतो. आता जोर आहे तो धातूच्या पट्टीवर इट्रियमच्या जातीच्या पदार्थाचा पातळ थर चढवलेल्या टेपचा. सप्टेंबर २०२१ मध्ये अमेरिकेत संमीलन भट्टीसाठी वीस टेस्लाचं मोठं चुंबक चाललं ते त्याच टेपचं. तिथे नळीत पावडर भरायची भानगडच नाही.

तरीही हिशोब तेवढ्यावर संपत नाही. जिनिव्हाच्या सर्नमधल्या महाकाय यंत्रात चुंबकांना वीज पोचवणारे हजाराहून जास्त जोड आहेत, त्यांत बिस्मथचीच टेप बसवलेली आहे. २००८ मध्ये न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर सहाशे मीटरची केबल सुरू झाली, २०१४ मध्ये जर्मनीत एसेन शहराच्या पोटातून एक किलोमीटरची, दोन्ही याच पदार्थाच्या. जपानच्या सुमितोमो कंपनीने शेवटची भट्टी तीनशे वातावरणांच्या दाबाखाली नेली, आतली पोकळी जवळजवळ नाहीशी केली आणि चार मिलिमीटरच्या टेपमधून नायट्रोजनमध्ये दोनशे अँपिअर वाहवले. आणि तो धाकटा भाऊ २२१२? त्याच्या गोल तारेत वीज कशामुळे अडते हे फ्लोरिडातल्या चुंबक प्रयोगशाळेतल्या लोकांनी बारकाईने पाहिलं तेव्हा सापडलं काय, तर बुडबुडे! पावडरीच्या कणांमधल्या पोकळ्यांतला वायू, पावडर वितळली की एकत्र येऊन अख्खा धागा अडवतो. २०१४ मध्ये त्यांनी शंभर वातावरणांचा दाब देऊन त्यावर मात केली आणि तीच हट्टी तार अतिशक्तिमान चुंबकांच्या शर्यतीत आणली. हे वाचलं त्या दिवशी मला अण्णांची फार आठवण झाली. १९९६ च्या जुलैत आमच्याकडेही उत्तर बुडबुड्यातच होतं. फक्त ते ज्याला दिसलं होतं त्याला मी आलेख दाखवून परत पाठवलं.

तेव्हा भाचीबाई, माझं म्हणणं एवढंच. आठ महिने पावडर भाजलीस म्हणजे आठ महिने वाया गेले असं समजू नकोस. उद्या तुझा नमुना चालला तर तो का चालला हे तुला सांगता येईल, आणि फसला तर का फसला हेही. त्या पेपरवाल्या मुलाला कदाचित दोन्ही सांगता येणार नाही. हे काम कष्टाचं आहे, त्याला टाळ्या पडत नाहीत, नोकरीच्या मुलाखतीत ते समजावून सांगणं अवघड जातं, हे सगळं खरं आहे. मी तुला गोड स्वप्नं दाखवत नाही. पण दोन गोष्टी कर. प्रत्येक बरणीवर तारीख लिही, आणि भरायच्या दिवशी पावडर पुन्हा तोल. आणि तुझ्या प्रयोगशाळेत भट्टी सांभाळणारं, रूळ चालवणारं जे कोणी माणूस असेल, त्याने येऊन सांगितलं की आज पावडर वेगळी लागतेय, तर आलेख दाखवू नकोस. बरणी उघड. आणि मग ते पेपरात त्याच्या नावानिशी लिही, कर्तरी प्रयोगात.

असो. लांबलंच जरा. ताई, यंदा भाजणी करशील तेव्हा माझ्या वाटणीची काढून ठेव. आणि डबा कोरडा बघून घे हो, तुमच्याकडे ऑक्टोबरातही हवा दमट असते.